तिला ऊन लागतं

फडकेकाकांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते पोस्टमन सोडून कोणाला ठाऊक नाही. खांद्यावर कायम फडकं, म्हणून आळीने त्यांना फडके करून टाकलं. आता लग्नपत्रिकाही त्याच नावाने येतात. फडकंही असंतसं नव्हे. जुन्या सुती बनियनचं, आणि शिवण उसवून काढलेलं, कारण शिवणीच्या जाड दोऱ्याने रंगावर बारीक ओरखडे उठतात. इतरांच्या घरी बनियन भोकं पडेपर्यंत अंगावर असतं. काकांकडे ते धुऊन जरा मऊ झालं की गाडीच्या सेवेत रुजू होतं.

गाडी म्हणजे येझदी रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावाची. तो कारखाना 1996 साली बंद पडला, हे सांगताना काकांचा आवाज अजून खाली येतो. मरून टाकी, दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि जागा मिळेल तिथे क्रोम. ही गाडी नाशकात असती तर काकांचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण ती रत्नागिरीत आहे. समुद्रावरून खारा वारा, रस्त्यावर तांबडी माती, वरून चार महिने पाऊस आणि अंगणात जांभळाचं झाड. जांभळाच्या दिवसांत पक्षी त्या झाडावर काय खातात आणि खाली काय टाकतात हे कोकणात सांगायला नको. ‘शिट लगेच ओल्या फडक्याने उचलायची, पुसायची नाही. आम्ल असतं त्यात, रंग खातं,’ असं काका पाहुण्याला चहाच्या आधीच सांगतात.

क्रोमबद्दल त्यांना विचारू नये. मी विचारलं. वरचा क्रोमचा थर केसाच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ असतो, खरं संरक्षण त्याच्याखालचं निकेल करतं, आणि या थरांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यातून खारट ओल आत शिरली की लोखंड गंजतं आणि गंज ठिपक्यांनी बाहेर येतो. म्हणून काका मृगाच्या आधी सगळ्या क्रोमला खोबरेल चोळतात. तरी ठिपका दिसलाच, तर अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासतात. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि चकाकी राहते. उपाय अगदी बरोबर आहे. मुलाच्या डब्यातल्या पोळ्या मात्र वर्तमानपत्रात जातात.

रविवारी सकाळी स्नान. आधी काकांचं नाही, गाडीचं. कोरडी धूळ पुसणं हे त्यांच्या मते महापाप. आधी पाणी सोडून माती वाहू द्यायची, मग शाम्पू. बादल्या दोन, एक फेसाची आणि एक फडकं खळबळायची. एका नव्या शेजाऱ्याने प्रेमाने कपडे धुण्याची पावडर पुढे केली, तेव्हा काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन दिवस गच्चीवरून ये-जा करत होता. पावडरने मेण निघून जातं ना! आणि मेण कुठलं, तर कार्नौबा, ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं. दारात माडांची रांग असलेला माणूस सातासमुद्रापलीकडच्या झावळ्यांचं मेण मागवतो. ते बोटभर लावायचं, पांढुरकं सुकू द्यायचं, आणि मग तास-दीड तास पुसत राहायचं. या वेळात त्यांना हाक मारली तर ओ येत नाही.

प्लास्टिकचं कव्हर थेट घालत नाहीत. वाऱ्याने ते फडफडून रंगावर घासतं आणि आत ओल कोंडते. म्हणून आधी मऊ सुती साडी, वर सैल कव्हर. ‘माझ्या चांगल्या साड्या गाडी नेसते, आणि मी तिच्या मागे बसायचं नाही, कारण बांगड्या लागतात,’ असं काकू हळदीकुंकवात सांगतात. लग्नकार्याला दोघं एसटीने जातात. ऊन कललं की काका गाडी ढकलत सावलीला नेतात. सुरू करत नाहीत. टू-स्ट्रोक गाडी, सुरू केली की सायलेन्सरच्या टोकाला तेलाचा काळा ओघळ येतो. चालवल्याने गाडी खराब होते, हे काकांनी पुराव्यानिशी सिद्ध केलेलं आहे.

खंडेनवमीला दरवर्षी तंटा. काकूंना टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक हवं, झेंडूचा हार हवा. काकांचं म्हणणं, ओलं कुंकू डाग धरतं, आणि हाराची तार म्हणजे साक्षात खिळा. शेवटी तडजोड झाली: स्वस्तिक नंबर प्लेटवर, हार दोऱ्यात ओवलेला आणि तोही किल्लीला. उरलेलं कुंकू काकूंनी काकांच्या कपाळाला लावलं. ‘पूजा पोचली,’ म्हणाल्या.

हा माणूस फक्त स्वतःच्या गाडीपुरता वेडा असता तर मी त्याच्यावर लिहिलं नसतं. समोरच्या पोराची मोटरसायकल रोज पहाटे मिरकरवाड्याला मासळीला जाते. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी थेट चेनवर ठिबकतं. एका सकाळी तो पोरगा बोंबलत आला: ‘काका, रात्री कोन आमच्या गाडीला हात लावून गेला? चेन धुतलीय, तेल दिलंय, मडगार्ड चकाकतंय!’ काका पेपर वाचत होते. उलटा धरला होता, एवढंच मी पाहिलं.

मध्यंतरी पुण्याचा भाचा आला. त्याने सिरॅमिक कोटिंगचं प्रकरण नीट समजावून सांगितलं. एकदा करून घ्या, पाणीसुद्धा थेंब-थेंब होऊन ओघळून जाईल, चार-दोन वर्षं मेण लावायला नको. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खर्चही विचारला. मग म्हणाले, ‘आणि रविवारी मी काय करू?’ भाच्याकडे उत्तर नव्हतं. काकूंनी मात्र आतून सुचवलं, ‘माळा आहे की साफ करायला.’ कोटिंगचा विषय तिथेच मिटला.

रत्नागिरीला आलात आणि गाडी बघायची असली तर जरूर या. काका हौसेने दाखवतील, साडी उतरवून. फक्त अंगठी काढून ठेवा, पट्ट्याचं बक्कल बाजूला फिरवा, सीटवर पिशवी ठेवू नका, आणि ‘एक चक्कर मारू का?’ असं चुकूनही विचारू नका.