वरंधा चढला, गुण शून्य

दरवर्षी दिल्लीहून एनआयआरएफची, म्हणजे देशातल्या उच्च शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीची, यादी येते आणि राज्यातली विद्यापीठे एकमेकांच्या निकालात डोकावू लागतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ मध्ये सर्वसाधारण गटात ३७वे होते, २०२५ मध्ये ते ९१वर घसरले. पुण्यात हलकल्लोळ झाला. भोरच्या एसटी स्टँडवर मात्र चौकशीच्या खिडकीशी एकच प्रश्न होता : स्वारगेट गाडी कधी लागणार?

या यादीत समावेशकतेचा एक निकष आहे. त्याच्या शंभरपैकी तीस गुण प्रादेशिक विविधतेचे. ते मिळवायला विद्यार्थी परराज्यातला किंवा परदेशातला लागतो.

आता समजा, भोरच्या अनंतराव थोपटे महाविद्यालयाने ही शर्यत मनावर घेतली. महाडचा एक मुलगा वरंधा घाट चढून आला. कोकण सोडून देशावर आला, जिल्हा बदलला, मुंबई विद्यापीठाची हद्द ओलांडून पुणे विद्यापीठाच्या हद्दीत शिरला. गुण शून्य, कारण राज्य तेच! तालुक्यातल्या तालुक्यात केळदहून वेल्ह्याला शिकायला येणारी मुलगी तर हिशेबातच नाही. बेळगावचा मराठी मुलगा आला की मात्र तो परराज्यातला ठरतो आणि गुण पडतात. बेळगाव आमचेच म्हणून महाराष्ट्राने ठराव करायचे आणि सीमाप्रश्न निदान यादी लागेपर्यंत सुटू नये म्हणून प्राचार्यांनी नवस बोलायचे.

एकूण गुणांत आणखी दहा टक्के भार लोकांच्या मनातल्या प्रतिमेला. त्यासाठी विद्वानांना आणि नोकऱ्या देणाऱ्यांना विचारतात. चेलाडी फाट्यावरच्या वडापवाल्याला विचारत नाहीत. कोणत्या कॉलेजला किती पोरे उतरतात आणि त्यातली किती तासाला न बसता परत फिरतात, याचा हजेरीपटापेक्षा खरा हिशेब त्याच्याकडे असतो.

कॉलेजांची क्रमवारी घरोघरीही लागते. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशाच्या कॅप फेरीत तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. वेल्ह्यातला बाप मुलीला घेऊन अर्ज भरायला बसतो. पहिल्या पसंतीला पुण्यातले १८५४ पासूनचे सीओईपी, मग पर्सेंटाइलच्या पायऱ्या उतरत उतरत यादी महामार्गावरच्या धांगवडीच्या कॉलेजपर्यंत येते. नॅकची श्रेणी, पगाराची पॅकेजे, वसतिगृहाचे फोटो, सगळे तो पाहतो. मग प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने एक वेळ लिहितो : परतीच्या शेवटच्या गाडीची. यादीचा क्रम तिथून पुन्हा पहिल्यापासून लागतो, आणि सीओईपी कॉट बेसिसच्या भाड्यापाशी अडते.