चालतंय ना, मग हात लावू नका

पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं, तेव्हा जाणत्या मंडळींनी त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि जुन्या पायथनमध्येच पुढचं काम सुरू ठेवलं. या संयमाचं व्हावं तितकं कौतुक झालेलं नाही.

जुन्यात कमी काय होतं? तीन भागिले दोन केलं की उत्तर एक यायचं. तीन भाकऱ्या, दोघं जण, प्रत्येकी एक. तिसरीची चौकशी करण्याइतका कोतेपणा त्या भाषेत नव्हता. नव्या पायथनने दीड असं उत्तर देऊन नसता हिशेबीपणा आणला. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली, तर जुना पायथन सढळ हाताने १५ सांगायचा, कारण तो यूटीएफ-८चे बाइट मोजायचा. नवा ५ सांगतो. (आपण तीन म्हणतो, पण आपल्याला विचारतंय कोण?) मायबोली एका फटक्यात एक-तृतीयांशावर आली आणि अस्मितावाले गप्प!

जुना कोड नवा करायला ‘टूटूथ्री’ नावाचं अवजार होतं. ते प्रिंटला इमानेइतबारे कंस लावायचं. अमुक स्ट्रिंग म्हणजे मजकूर की नुसते बाइट, हे मात्र ती लिहिणाऱ्यालाच माहीत, आणि तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. तेव्हा थांबलेलंच बरं. थांबणाऱ्यांना फळही मिळालं. जुन्या पायथनच्या २.७ आवृत्तीची मुदत २०१५ला संपायची होती, ती २०२०पर्यंत वाढवली. रात्री जागून वेळेत बदल करणाऱ्यांना काय मिळालं? जागरण. पुढे ३.१३मधून टूटूथ्रीच काढून टाकलं. म्हणजे आता ते शिकायचीही कटकट नाही.

हीच परंपरा पुढे चालू आहे. पॅकेजं बांधायचं डिस्टयूटिल्स हे मॉड्यूल जाणार, हा इशारा ३.१०पासून दिसत होता. पण इशारे दिसू नयेत म्हणून एक ओळ लिहिता येते, आणि ती लिहिण्यालाच आमच्याकडे देखभाल म्हणतात. ३.१२मध्ये डिस्टयूटिल्स खरोखरच गेलं आणि बिल्ड कोसळलं, की मग लायब्ररीच्या कर्त्याला गाठायचं. तो बिचारा नोकरी सांभाळून, रविवारी, बिनपगारी काम करणारा. त्याला ‘आमचं प्रॉडक्शन अडलंय, संध्याकाळपर्यंत नवी आवृत्ती काढा’ असं बजावताना संकोच अजिबात करू नये. पैसे दिले असते, तर थोडी भीड वाटली असती.