चेअरमनसाहेब, लोकसंख्या फारच वाढली हो!

सन्माननीय चेअरमनसाहेब,



सोसायटीच्या रविवारच्या सभेत विषय क्रमांक दोनवर, म्हणजे पाणीटंचाईवर, आपण जे भाषण ठोकलंत त्याला तोड नाही. बाहेरून लोंढे येतात, पृथ्वी किती जणांना पोसणार वगैरे. टाळ्या पडल्या. विषय क्रमांक तीन, पुनर्विकास: बत्तीस बिऱ्हाडांची चार मजली इमारत पाडून दोनशे फ्लॅटचा टॉवर. माझं एक मत सोडून तोही मंजूर. पुन्हा टाळ्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्राचा प्रजनन दर बाईमागे १.७ मुलं निघाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाही २.१ लागतो. तरी आपलं ठाणे शहर २००१ ते २०११ मध्ये साडेबारा लाखांवरून अठरा लाखांपलीकडे गेलं. २०२१ ला तर मोजदादच झाली नाही. एवढी माणसं काही नुसत्या पाळण्यातून आली नाहीत. आणि लोंढे म्हणाल, तर कोपरी कॉलनी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची. आपले तीर्थरूप संगमेश्वरचे.

टॉवर झाल्यावर पार्किंग, लिफ्ट, स्टेशनचा जिना यांचं काय होईल, ते सगळं सोडून देतो. पाण्याचं बोला. ते शहापूरच्या भातसा धरणातून येणार ना? त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकर फिरतात. धरण उशाला, कोरड घशाला. विहिरीच्या तळाशी उतरून बाई वाटीवाटीने हंडा भरते. टंचाईतल्या टँकरचं सरकारी माप दिवसाला माणशी २० लिटर, शहराचं १३५. आपल्याकडे सकाळी पाइप लावून गाड्या धुतात, ते कुठल्याच मापात नाही. पृथ्वी किती जणांना पोसणार म्हणे! अहो, ती बाई पोसतेय आपल्याला, आणि तिच्या चार पोरांवर व्याख्यान आपण झोडायचं? लाज कशी वाटत नाही?

असो. साडेतीनशे चौरस फुटांत आपण दोन मुलांची लग्नं लावलीत, अजून हॉलमध्ये गादी टाकून झोपता. जागा नाही म्हणून धाकटा बदलापूरला गेला, तेव्हापासून वहिनी गप्पच असतात. टॉवरमधल्या एका जादा खोलीसाठी आपण सही केलीत. आपल्या जागी मीही केली असती. फक्त भाषण नको होतं.

पुढच्या सभेत एवढाच विषय घ्या: दोनशे बिऱ्हाडांचं पाणी कुठून आणणार, हे बिल्डरने लेखी द्यावं. ‘महापालिका देईल’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

कळावे,
ब विंग, तिसरा मजला