आजोबांचा गुडघा आणि बाळाची खुर्ची

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या मराठी आजी-आजोबांच्या बॅगांमधलं सामान ठरलेलं असतं. डिंकाचे लाडू, बाळगुटीची सहाण, कुंच्या, जुन्या सुती साड्यांची दुपटी. म्हणजे सगळं आजीच्या खात्यातलं. आजोबांचं काम नेमकं काय, हे विमानात बसेपर्यंत कोणी सांगत नाही. मग न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचल्यावर दिवस भरत आलेली मुलगी एक भलंमोठं खोकं पुढे सरकवते. "बाबा, तुम्ही इंजिनिअर ना? एवढी कारसीट बसवून द्या. ती नसेल तर हॉस्पिटलवाले बाळाला गाडीतून घरी नेऊ देताना कटकट करतात."

आजोबा खूश. ज्यांनी पाटबंधारे खात्यात धरणांचे दरवाजे बसवले, त्यांना ही प्लॅस्टिकची खुर्ची काय अवघड? खुर्चीचा बेस मागच्या सीटवर ठेवला, गाडीचा पट्टा त्यातून ओवला, बकल खट्‌कन लावलं आणि हात झटकले. जावईबापूंनी येऊन बेस जरा हलवला, तर तो या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेरफटका मारून आला.

खरं तर यात आजोबांचा दोष थोडाच आहे. गाडीचा तीन टोकांचा पट्टा (१९५९ सालचा, व्होल्वोच्या नील्स बोहलिन यांनी घडवलेला) मोठ्या माणसांसाठी आहे. आजचे पट्टे एरवी सैल सुटतात आणि हिसका बसला की अडकतात. खाली पडलेली चकली उचलायला वाकता यावं म्हणून ही सोय. खुर्चीला चकली उचलायची नसते; तिला हिसका बसण्याच्या आधीच करकचून बांधलेलं असावं लागतं. म्हणून अमेरिकेतल्या १९९६ पासूनच्या गाड्यांत मागच्या पट्ट्याला एक गुपित दिलेलं असतं. बहुतेक गाड्यांत पट्टा अगदी शेवटपर्यंत, आणखी येईनासा होईपर्यंत ओढायचा आणि हळूहळू आत सोडायचा. तो कट्‌-कट्‌-कट्‌ करत आत जातो आणि मग कितीही ओढला तरी बाहेर येत नाही. काही बेसना स्वतःचाच चिमटा असतो. तिथे गाडीच्या पट्ट्याशी न झगडता तो चिमटा दाबायचा. कुठे काय, ते गाडीच्या आणि खुर्चीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण पुस्तिका वाचणं म्हणजे रस्ता विचारण्याइतकंच कमीपणाचं, असं मानणारी आजोबांची पिढी!

शेवटी जावयाने पुस्तिका मोठ्याने वाचली आणि आजोबांनी बेसवर गुडघा रोवला. सगळं वजन टाकून बेस सीटमध्ये दाबायचा, त्याच दमात पट्ट्याचा ढिलेपणा ओढून घ्यायचा. मग जिथून पट्टा जातो तिथेच धरून हलवून बघायचं. आडवं-उभं एका इंचापेक्षा जास्त हललं नाही, की पास. आजोबांनी धरलं दुसरंच टोक, ते हललं, आणि त्यांनी सगळं बांधकाम नापास केलं. पट्ट्यापासून लांबचं टोक थोडं हलणारच, हे पटवायला जावयाला पुस्तिकेतलं चित्र दाखवावं लागलं.

एवढ्यात आजोबांना सीटच्या फटीत लोखंडी कड्या सापडल्या. २००२ नंतरच्या गाड्यांत खुर्ची अडकवायला त्या असतातच. "मग दोन्ही लावू की! डबल सेफ्टी!" बहुतेक कंपन्या नेमकं हेच करू नका म्हणतात. कडी नाहीतर पट्टा, दोन्हींपैकी जे नीट बसेल ते एकच. कड्यांना वजनाची मर्यादा असते, मूल मोठं झालं की परत पट्ट्याकडेच यावं लागतं. म्हणजे गुडघ्याचा सराव वाया जात नाही.

आजीची हरकत वेगळीच होती. "बाळाला पाठमोरं बसवायचं? त्याने बघायचं काय, सीटची पाठ?" स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमाराला ही पाठमोरी खुर्ची आणली ती अंतराळवीरांच्या आसनावरून. यानात झटका सगळ्या पाठीवर पसरतो, तसाच इथेही. नवजात बाळाचं डोकं उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं आणि मान कोवळी. समोरून धडक झाली तर ते डोकं खुर्चीच्या पाठीनेच तोलायला हवं.

"आमची दोन्ही पोरं माझ्या मांडीवर बसून दापोलीला जाऊन आली," आजी म्हणाली. आजोबांनी पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. ताशी पन्नास किलोमीटरच्या धडकेतला वेग म्हणजे दहा मीटरवरून पडण्याचा वेग. "तिसऱ्या मजल्यावरून पडलेलं पोर वरच्यावर झेलशील?" आजीने विषय बदलला आणि जाडजूड लोकरी स्वेटर पुढे केला. तोही परत गेला. जाड कपड्यावरून हार्नेस आवळला तर धडकेत लोकर दबते आणि पट्टे सैल पडतात. आधी हार्नेस, मग वरून दुपटं. म्हणजे आजीची दुपटी तरी कामाला आली.

वर्षाने नातू पुण्याला आला, जरा मोठी खुर्ची घेऊन. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना दिसलं तर हजार रुपये दंड ठेवला आहे. भाड्याच्या गाडीत आजोबांनी पट्टा शेवटपर्यंत ओढला, सोडला. तो मुकाट आत गेला. कट्‌ नाही की कुट्‌ नाही. नशिबाने या खुर्चीला स्वतःचा चिमटा होता. आता बकल शोधायचं. ते मखमली सीटकव्हरच्या खाली कुठेतरी गाडलेलं. आजोबांनी फटीत कोपरापर्यंत हात घातला. एक कंगवा, दोन नाणी आणि बरेच फुटाणे निघाले.

"काका, मागं कोण पट्टा लावतंय?" ड्रायव्हर म्हणाला. "एवढ्यात आपण स्वारगेटला पोचलो असतो."

"पोचू हो," आजोबा सीटखालून म्हणाले, "आधी या कव्हरची नाडी कुठे सुटते ते सांगा."