विहीणबाईंची पेटी

अहो, ऐकलंत का? नाही, तुम्ही निवडा मेथी, हात थांबवू नका, मी इथे कुंपणापाशीच उभी राहते. आमच्या विहीणबाईंचा पंधरा दिवस झाले फोन नाही. हो, त्याच, शिरूरच्या. रोज पहाटे 'शुभ सकाळ'ची फुलं पाठवणारी बाई! फुलंसुद्धा बंद. आणि कारण काय, तर जात्रा. भीमथडी जात्रा.

डिसेंबरात पुण्याला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भरते ती, तुम्हाला ठाऊकच आहे. बारामतीच्या ट्रस्टची. बचत गटांच्या बायकांचे स्टॉल, चुली, बारा बलुतेदार... जुन्या काळचा गावबाजारच उभा करतात. मला तर निघतानाच हसू येत होतं. भीमथडी म्हणजे कोण हो? आपणच की! भीमेची थडी. इंग्रजांच्या वेळी आपल्या तालुक्याचं नावच भीमथडी होतं. आणि आम्ही दौंडहून शटल पकडून निघालो पुण्याला, भीमथडी बघायला! आमचे हे म्हणाले, "तू दारातच बस, मी तिकीट लावतो." ह्यांचं आपलं काहीतरीच.

तर काय सांगत होते... विहीणबाई शिरूरहून एसटीने वाकडेवाडीला उतरल्या. नऊवारी, नथ, सगळा थाट. आल्या आल्या सुरू, "ताई, आमच्या वाड्यात हे सगळं अजून आहे हो." मी मान डोलावली. मुलीची आई मी, दुसरं काय डोलावणार? मग मीच विषय बदलावा म्हणून घोड्याचं काढलं. म्हटलं, मराठ्यांची सगळी दौड ह्या भीमथडी तट्टांच्या पाठीवर, राज्यगीतातसुद्धा मान मिळालाय त्यांना, आणि 2024 साली तर स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. तर लगेच, "आमची तर नदीच घोड!" आता ह्यावर काय बोलणार?

जात्याच्या स्टॉलवर खुंटा धरून सेल्फी काढला. "किती ऑथेंटिक वाटतं ना!" अहो, घरचं जातं न्हाणीपाशी पडलंय, त्यावर कपडे आपटतात. लेकीनं सांगितलंय मला. पण मी काही बोलले नाही. एकाकडे शिवराई होत्या, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', पण कालच टाकसाळीतून आल्यासारख्या लखलखीत. माझ्या माहेरी देव्हाऱ्यात होत्या चार, काळ्या ठिक्कर, अक्षरं बोटानंच वाचायची. विहीणबाईंनी मात्र दोन घेतल्या. "नातवाला दाखवीन, आमच्या वाड्यातल्या म्हणून." घ्या!

पण खरी गंमत पुढेच. भाकरी घेऊन टेकलो, तर शेजारी एक रिटायर झालेल्या शाळेतल्या बाई. कर्डे गावच्या, शिरूर तालुक्यातल्याच. झालं, विहीणबाईंना गाववाली भेटली. मोबाइल काढून डीपीच दाखवला. शिसवी पेटी, पितळी कोपरे, खाली लिहिलेलं 'वारसा'.

"ह्यात आमच्या खापरपणजोबांचे कागद. साऱ्या पंचक्रोशीचे कागद आमच्याकडे असायचे."

"कसले हो कागद?" त्या बाई अगदी गरीब चेहऱ्याने.

"कर्जखतं. दिलदार माणसं, कुणाला नाही म्हटलं नाही."

बाईंनी घास सावकाश गिळला. मग बलुतेदारांच्या झोपड्यांकडे बोट केलं. म्हणाल्या, "ते न्हावी, परीट, सुतार दिसतात ना? 1874 च्या डिसेंबरात आमच्या कर्ड्यात सावकाराने देशमुखाच्या घराचा लिलाव करवला, तर गावाने सावकारालाच वाळीत टाकलं. दाढी करायला न्हावी येईना, धुणं न्यायला परीट येईना, शेतात कुणी पाऊल टाकीना. शाळेत हे मी शिकवायचे."

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. कळतंय हो मला! पण माझं माहेर सुप्याचं, सुप्याचा विषय आला की जीभ कुठली थांबते... म्हणजे विषय आलाच नव्हता, मीच आणला. म्हटलं, "कर्ड्यात नुसतं वाळीत टाकलं, आमच्या सुप्यात 12 मे 1875 ला, भर बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांच्या वह्या नि खतं जाळली! रोख सगळा कागदांवर. तिथून पेटलं ते गावोगाव, शेवटी 1879 त सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला!"

आणि मग बघितलं विहीणबाईंकडे. अहो, पावसाळी हवेत डब्याबाहेर राहिलेला पापड असतो ना, तसा चेहरा. नथ तेवढी हलत होती.

"सगळेच सावकार काही तसे नव्हते," असं काहीसं पुटपुटल्या.

"नसतील हो," कर्ड्याच्या बाई म्हणाल्या. "आमच्या आजोबांचे कागद कुणाच्या पेटीत होते, तेवढं मात्र शेवटपर्यंत कळलं नाही." आणि खर्डा मागितला.

वाकडेवाडीपर्यंत रिक्षात एक शब्द नाही. मी आपली थंडीवर बोलले, मेट्रोवर बोलले, त्या खिडकीबाहेर. उतरताना 'येते' म्हणाल्या, 'या' नाही म्हणाल्या. मुलीच्या सासूला दुखावून आले, ह्यांना सांगायचीसुद्धा सोय नाही. तुम्हीही बोलू नका हं.

काल लेकीचा फोन आला, हळू आवाजात बोलत होती. पेटी माळ्यावर गेली, वर जुनी गोधडी टाकलीय. आणि डीपी बघितलात का? थांबा, चष्मा आणते, दाखवतेच... तुळस लावलीय, तुळस!