चिंचोटी नाक्यावरचा ट्रेलर

भूत, हडळ वा राक्षस पडद्यावर आणण्याचा खर्च ज्यात निर्माता वाचवतो आणि ते काम प्रेक्षकाच्याच मनाकडून फुकटात उरकून घेतो, त्या चित्रपटाला मानसशास्त्रीय भयपट म्हणतात. राम गोपाल वर्मा यांच्या ‘कौन’मध्ये (1999) एक घर, दारावरची घंटा आणि जेमतेम तीन पात्रे एवढ्याच भांडवलावर, एकही गाणे न घालता, पाहणाऱ्याचा घसा कोरडा पडतो; विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (2017) भुते असूनही अधिक भेडसावते ते उसाचे शेतच.

अशा चित्रपटांच्या प्रेक्षकांत ‘जाणकार’ नावाचा एक वर्ग असून प्रस्तुत लेखक स्वतःला त्याचा मूळपुरुष समजतो. जाणकार घाबरत नाही, तो विश्लेषण करतो. मात्र रात्री बाथरूमला जाताना तो घरातले सगळे दिवे लावतो आणि पायरी दिसावी म्हणून लावले असे सांगतो, जरी त्या फ्लॅटमध्ये पायरी एकही नसली तरी.

या वर्गाचा लाडका विषय म्हणजे ‘ल्यूटन बस’, आणि त्यावर बोलण्याची संधी जाणकार बारशातही सोडत नाही. व्हॅल ल्यूटन निर्मित व जाक तूर्नर दिग्दर्शित ‘कॅट पीपल’मध्ये (1942) ॲलिस रात्री रस्त्याने एकटी चाललेली असते, मागून येणारी पावले एकाएकी थांबतात, ती पळू लागते, आणि आता झडप पडणार अशा क्षणी कानाशी जो फुत्कार होतो तो निघतो थांब्यावर आलेल्या बसचा. दाबाखालची हवा ब्रेकमधून सुटताना होणारा हा आवाज दचकवतो आणि सुटकाही करतो. पैशांची चणचण असलेल्या त्या चित्रपटातल्या या युक्तीला पुढे ल्यूटनचेच नाव पडले.

हाच फुत्कार मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटी नाक्यावर, भिवंडीकडे वळणाऱ्या ट्रेलरांच्या कृपेने, रात्रभर विनामूल्य ऐकू येतो, त्यामुळे आपण अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासातच राहतो असा जाणकाराचा समज झाला आहे.

त्याच्या आईला ल्यूटन ठाऊक नाही. पावसाळी रविवारी, मनाईहुकूम मोडून चिंचोटीच्या धबधब्यावर गेलेली धाकटी पोरे अंधार पडला तरी परतत नाहीत, तिथे तुंगारेश्वरच्या रानात फोन लागत नाही, आणि त्या डोहांनी आजवर किती जणांना गिळले हे गावाला माहीत असते. तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे जे सरकते ते कोणत्याही दिग्दर्शकाला जमणार नाही. खाली ब्रेक सुटला की पोरांची बस आली समजून ती गॅलरीत धावते, तर ट्रेलर. पुन्हा सुटला, पुन्हा ट्रेलर. ॲलिसची बस निदान वेळेवर तरी आली होती. ‘एक फोन करता येत नाही मेल्यांना’ असे ती रागाने पुटपुटते आणि भात पुन्हा गरम करायला ठेवते.

अशा वेळी भीतीचे तंत्र तोंडपाठ असलेला जाणकारही विश्लेषण अर्धवट टाकून तिच्या शेजारी येऊन उभा राहतो आणि विचारल्यास हवा खायला आलो असे सांगतो; वस्तुतः महामार्गालगतच्या त्या गॅलरीत खाण्याजोगा असतो तो केवळ डिझेलचा धूर.