तुमच्या बासरीला दम का लागत नाही?

संगीत संयोजक महाशय,


तुम्ही संयोजन केलेलं नवं अभंगगीत ऐकलं. गायिकेने भीमपलास जीव ओतून गायला आहे, पखवाज खणखणीत आहे, टाळ नेमके आहेत. चरण संपताच तुमची बासरी सुरू होते आणि चांगलं अर्धं मिनिट एकदाही श्वास न घेता वाजत राहते. एवढा दम बासरीवादक पन्नालाल घोषांच्या छातीतही नव्हता! श्रेयनामावलीत गायिकेचं नाव आहे, पखवाजवादकाचं आहे आणि ‘बासरी’ या शब्दापुढे तुमचं आहे. मी बासरी वाजवतो आणि शिकवतो. म्हणून चारचौघांसमोर विचारतो, बासरीच्या भोकाला तुमचा ओठ शेवटचा कधी लागला होता?

ही बासरी संगणकातल्या सॅम्पल लायब्ररीतली आहे. त्या लायब्ररीशी माझं वैर नाही. ती कशी तयार होते ते मला माहीत आहे. कुणी कसलेला वादक स्टुडिओत बसून एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात असा फुंकतो. तोच स्वर तो अनेकदा देतो, म्हणजे तीच कळ पुन्हा दाबल्यावर हुबेहूब तोच आवाज यायला नको. एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाचे सांधेही वेगळे रेकॉर्ड होतात. तुमच्या संगणकात साठवलेला आहे तो एका माणसाचा खरा श्वास, तुकडे करून ठेवलेला. ते तुकडे सांधून त्यांतून पुन्हा एक ओळ उभी करणं हे तुमचं काम होतं. तुम्ही प्रीसेट उघडलात, मॉड व्हील मध्यावर ठेवलंत, चाल कीबोर्डवर वाजवलीत, सगळे स्वर क्वांटाइझ करून ग्रिडला चिकटवलेत आणि पुढच्या गाण्याला लागलात.

आता एकेक आरोप. पहिला श्वासाचा. कळ किती जोरात दाबली गेली एवढंच कीबोर्डाला कळतं. वाद्ययंत्रं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या मिडीच्या भाषेत त्याला १ ते १२७ यांपैकी एक आकडा मिळतो आणि स्वर सुरू झाला की त्या आकड्याचं काम संपतं. बासरीवर स्वर सुरू झाल्यावर फुंकरीचं काम सुरू होतं. फुंकर पातळ केली की स्वर विझत जातो, नेट लावला की तोच स्वर वरच्या सप्तकात उडी घेतो, ओठांचा कोन किंचित वळवला की सूर चढतो किंवा उतरतो. दम सरत आला की वादक ओळ आवरती घेतो, आणि कुठे आवरायची यावरूनच त्या ओळीला आकार येतो. तुमच्या ओळीला थांबायची गरज कधी पडलीच नाही, म्हणून तिला आकारही आला नाही. कीबोर्डाला फुप्फुसं नसतात, पण ऐकणाऱ्याला असतात. तुमचं ते अर्धं मिनिट ऐकताना माझाच जीव गुदमरला.

याला उपाय नव्हता असं म्हणू नका. १९८३ साली यामाहाचा डीएक्स सेव्हन सिंथेसायझर आला, तेव्हाच त्याला तोंडात धरून फुंकायचा ब्रेथ कंट्रोलर जोडता येत होता. मिडीच्या कंट्रोलरांच्या यादीत दुसरा क्रमांक श्वासासाठीच राखून ठेवलेला आहे. कळीला श्वास नाही हे यंत्र बनवणाऱ्यांना चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी कळलं होतं. त्याच्याही आधी, १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन आलं. त्याच्या प्रत्येक कळीखाली रेकॉर्ड केलेल्या स्वराची फीत असायची आणि ती सुमारे आठ सेकंदांत संपायची. म्हणजे त्या यंत्रालासुद्धा दम लागायचा! बीटल्सच्या १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ची सुरुवात याच मेलोट्रॉनच्या फ्लूटने होते. ते सूर यंत्राचेच वाटतात, आणि त्या गाण्याने त्यांचा तो वेगळेपणाच वापरून घेतला. तुम्हाला यंत्राचा आवाज यंत्राचा म्हणूनही नको आणि वादकाचा श्वासही नको.

दुसरा आरोप मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याचा. भीमपलासात कोमल गंधार मध्यमाला स्पर्श करून येतो. तुमच्या गाण्यात कळ दाबताच तो थेट समोर उभा राहतो. बासरीवर कोमल स्वर भोक अर्धं झाकून निघतात, म्हणून त्यांचा नादही किंचित दबका असतो. तुमचे बाराही स्वर सारख्याच तेजात उजळतात. जिथे तुम्ही मींड घेतली आहे तिथे तर बासरी कशी असते हेच तुम्ही विसरलात. सहा भोकांच्या बासरीवर मध्यमाला जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात आणि लगेचच्या पंचमाला सगळी झाकावी लागतात. त्या सांध्यावरून सलग जाणं ही वादकाची परीक्षा असते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बांबूची लांब बासरी ख्यालाच्या मैफलीला आणली आणि तिला सातवं भोक जोडलं ते तीव्र मध्यमाची अशीच अडचण सोडवण्यासाठी. ती परंपरा पुढे पुण्यात पं. केशव गिंडे यांनी चालवली. एका स्वराच्या सांध्यासाठी माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. तुमचं पिच बेंडचं चाक तिथे सांधा आहे याची दखलही न घेता घसरत जातं.

तिसरा आरोप सुराचा. तुमचंच दुसरं गाणं यमनात आहे आणि त्यात तंबोरा वाजतो. नीट मिळवलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप उमटतो. तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो (शेजारच्या दोन कळींमधलं अंतर शंभर सेंट). तुमच्या लायब्ररीतला गंधार पाश्चात्य समान स्वरांतरांचा, म्हणजे बरोबर ४०० सेंटवर. तंबोरा एक गंधार सांगतो, बासरी १४ सेंट वरचा, आणि गायिका बिचारी दोघांच्या मध्ये. वादक हा फरक ओठाने क्षणात मिटवतो. तुम्हाला प्लगइनमध्ये फक्त एका स्वराचं ट्यूनिंग बदलायचं होतं. तंबोरा नुसता वाजायला ठेवू नका, तो काय म्हणतो ते ऐका.

त्याच गाण्यात तुमची बासरी मंद्र गंधारापर्यंत उतरते. सहा भोकं झाकली की मंद्र पंचम मिळतो, त्याखाली त्या बासरीत बांबू शिल्लक नसतो. गायकाची पट्टी पांढरी चार असो की काळी एक, वादक त्या त्या पट्टीची बासरी पिशवीतून काढतो, कारण प्रत्येक बासरीची हद्द ठरलेली असते. ही हद्द पहिल्या आठवड्यातल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

आणि आता सगळ्यांत गंभीर आरोप. चुकीची मींड कालांतराने विसरली जाईल. पण जे वाद्य तुम्ही वाजवलं नाही, त्याच्या पुढे तुम्ही स्वतःचं नाव लिहिलंत. लायब्ररीसाठी ज्याने एकेक स्वर फुंकून दिला त्याचं नाव कुठेही नाही. ज्याला तुम्ही बोलावलं नाही त्याचं तर असणारच नाही. सिंथेसायझर आल्यावर मुंबईच्या फिल्म स्टुडिओंतले मोठे वाद्यवृंद ओसरत गेले आणि अनेक वादकांचं काम तुटलं. तो इतिहास तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्याच स्टुडिओंत वावरता. काळ बदलतो हे मीही मान्य करतो. पण काम गेलेल्या वादकाचं नावही हिरावून घेणं हे काळाचं काम नाही, ते तुम्ही केलंत.

बजेट नव्हतं, मुदत उद्याची होती, मालिकेला रोज पार्श्वसंगीत लागतं, हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. त्यात तथ्यही आहे. निर्मात्याला चाल ऐकवायला, संयोजन पारखायला, तीन सेकंदांच्या प्रसंगाला लायब्ररी खुशाल वापरा. पण ती वापरायला शिका. कीबोर्डवर वाजवण्याआधी ओळ स्वतःच्या तोंडाने गा. तुमचा श्वास जिथे संपेल तिथे बासरीचाही संपवा. एक्स्प्रेशनचा आलेख प्रत्येक स्वरासाठी हाताने काढा, कंप स्वर लागल्यावर थोड्या वेळाने येऊ द्या. क्वांटाइझ बंद करा. गंधार तंबोऱ्याशी जुळवा. बासरीची हद्द ओलांडू नका. लायब्ररीसोबत येणाऱ्या तयार तानांना हात लावू नका, कारण तीच तान उद्या दुसऱ्याच्या गाण्यातही ऐकू येईल. या कशालाही पैसे लागत नाहीत, वेळ लागतो आणि कान लागतात.

आणि जिथे गाण्याचा सगळा भार बासरीवर आहे तिथे वादकाला बोलवा. त्याच्याकडून एकच ओळ घेतलीत आणि मागची भरणी लायब्ररीने केलीत तरी चालेल. त्या एका ओळीने अख्खं गाणं श्वास घ्यायला लागेल. माझ्या वर्गात वीस-बावीस वर्षांची मुलं पहाटे उठून एकाच षड्जावर तासभर फुंकर घालतात. त्यांना हवी आहे ती स्टुडिओत उभं राहायची एक संधी, आणि ती द्यायची की नाही हे ठरवणारे तुम्ही आहात.

तेव्हा मागणी सरळ आहे. ज्याने बासरी वाजवली त्याचंच नाव बासरीपुढे लिहा. लायब्ररी वापरली असेल तर ‘प्रोग्रामिंग’ लिहा आणि पुढे अभिमानाने स्वतःचं नाव घाला, कारण ते काम मन लावून केलं तर अभिमान वाटण्याजोगंच आहे. या अभंगगीताची श्रेयनामावली आजही दुरुस्त करता येते. ती आधी करा.

आणि हे पत्र वाचणाऱ्या रसिकांना एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या गाण्यातली बासरी आवडली तर ती कुणी वाजवली हे विचारा. ऐकणारे विचारू लागले की संयोजकांना उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर द्यायचं असेल तर वादकाला बोलवावं लागेल.

कळावे,
एक बासरीवादक